न दिसणाऱ्या धुराची तपासणी

ट्रकच्या नळीतून काळा लोट निघाला की तो प्रदूषण करतो आणि धूर दिसेनासा झाला की तो स्वच्छ झाला, ही समजूत इतकी खोल रुजली आहे की अनेक देशांतील प्रदूषण तपासणीची पद्धतच तिच्यावर उभी राहिली. जुन्या इंजिनांच्या बाबतीत ती फारशी चुकीची नव्हती. आजच्या जड डिझेल ट्रकला मात्र ती लागू पडत नाही, आणि तरीही रस्त्यावरच्या ट्रकना प्रमाणपत्र देताना अजून बहुतेक ठिकाणी धुराचा काळेपणाच मोजला जातो. माझे म्हणणे असे की या तपासणीत चुकीची गोष्ट मोजली जाते, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे तिच्यात जाब द्यावा लागतो तो एकट्या ट्रकमालकाला. ट्रकवर बसवलेली उत्सर्जन नियंत्रणाची यंत्रणा रोजच्या कामात चालते की नाही हे पाहिले पाहिजे, आणि ती चालत नसेल तर दोष मालकाचा, गॅरेजचा की ती बनवणाऱ्या कंपनीचा, हे ठरवण्याची सोय त्याच तपासणीत असली पाहिजे.

हा प्रश्न किती मोठा आहे ते एका उदाहरणावरून लक्षात येते. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाच्या हिशेबानुसार त्या राज्यातील रस्त्यांवरच्या वाहनांत जड वाहने जेमतेम ३ टक्के आहेत. पण फिरत्या स्रोतांतून हवेत जाणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि डिझेलचे सूक्ष्मकण यांतला निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा आहे. डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच दिला आणि त्याला सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या गटात टाकले. नायट्रोजन ऑक्साइडांचा उपद्रव तर नळीपाशी संपतच नाही, कारण सूर्यप्रकाशात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि हवेतल्या इतर वायूंशी संयोग होऊन नवे सूक्ष्मकणही बनतात. अशा परिस्थितीत थोड्या वाहनांची नीट तपासणी करणे हा हवा सुधारण्याचा सर्वांत सरळ मार्ग ठरतो.

प्रचलित चाचणी कशी होते ते आधी पाहू. ट्रक उभा असतो, गिअर न्यूट्रलमध्ये असतो, इंजिन तापलेले असते. सायलेन्सरच्या तोंडात धूरमापकाची नळी अडकवली जाते. चालक ॲक्सिलरेटर एका दमात तळापर्यंत दाबतो, इंजिन कमाल फेऱ्यांपर्यंत जाते, क्षणभर तिथे राहते आणि पाय उचलल्यावर पुन्हा संथ होते. असे काही वेळा करून आलेल्या आकड्यांची सरासरी काढतात. मापकाला कळते ते एवढेच, की त्याच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा किती भाग धुराने अडवला. अमेरिकेतील पद्धत आणि भारतात पीयूसी प्रमाणपत्रासाठी होणारी चाचणी यांच्या तपशिलात फरक आहेत, पण दोन्हींचा गाभा हाच आहे. भारतात धुराच्या प्रकाश-शोषणाची मर्यादा जुन्या डिझेल वाहनांसाठी प्रति मीटर २.४५, बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे भारताच्या उत्सर्जन मानकांची चौथी पायरी) वाहनांसाठी १.६२ आणि बीएस-६ वाहनांसाठी ०.७ अशी घट्ट होत गेली. मोजायची गोष्ट मात्र तीच राहिली. या चाचणीत इंजिनावर भार असतो तो स्वतःच्या फिरत्या भागांचा. पूर्ण ओझे घेऊन घाट चढणाऱ्या किंवा गर्दीत तासन्‌तास रखडणाऱ्या इंजिनाची अवस्था तिथे कधी येतच नाही.

काळेपणा मोजून भागत नाही याचे कारण डिझेलच्या ज्वलनातच आहे. सिलिंडरमध्ये इंधन जितके तप्त आणि पूर्ण जळेल तितकी काजळी कमी होते. पण त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. ज्वलनाचे तापमान खाली आणले की नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात आणि काजळी वाढते. एकट्या इंजिनाला ही ओढाताण सोडवता येत नाही, म्हणून आधुनिक ट्रकमध्ये काजळी अडवायला सिरॅमिकचा फिल्टर असतो आणि नायट्रोजन ऑक्साइड मारायला उत्प्रेरकाच्या आधी युरियाचे ३२.५ टक्क्यांचे द्रावण फवारले जाते. युरोपच्या युरो-५ मानकात इंजिनाने केलेल्या कामाच्या दर किलोवॅट-तासाला २ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होते. युरो-६ मध्ये बदलत्या भाराच्या चाचणीत ते ०.४६ ग्रॅमवर आले. भारताने १ एप्रिल २०२० रोजी बीएस-५ ची पायरी गाळून थेट बीएस-६ स्वीकारले, तेव्हा बीएस-४ च्या ३.५ ग्रॅमवरून याच पातळीवर उडी घेतली गेली. ही घट मुख्यतः इंजिनानंतरच्या यंत्रणेमुळे साधली आहे. त्यामुळे युरियाची फवारणी थांबली की नायट्रोजन ऑक्साइड अनेक पटींनी वाढतात, आणि धूरमापकाला त्यातले काहीच कळत नाही, कारण नळीतून निघणाऱ्या या वायूचा मोठा भाग रंगहीन असतो. मुळात काजळी कमी ठेवण्यासाठी जुळवलेल्या इंजिनाचा ट्रक युरियाचा थेंबही न वापरता धुराच्या चाचणीत उत्तम आकडे दाखवू शकतो. नियमाच्या दृष्टीने तो निर्दोष असतो, आणि आसपास राहणाऱ्यांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने तो बीएस-४ च्याही मागे गेलेला असू शकतो.

फिल्टरच्या बाबतीतही धूरमापक असाच कमी पडतो. मधमाशीच्या पोळ्यासारख्या या सिरॅमिकच्या ठोकळ्यात शेजारशेजारच्या वाहिन्या आलटून पालटून एकेका टोकाला बंद केलेल्या असतात, जेणेकरून वायूला सच्छिद्र भिंतीतूनच जावे लागते आणि काजळी आत अडकते. साठलेली काजळी ठरावीक अंतराने जाळून टाकली जाते, आणि हे जळणे हाताबाहेर गेले की ठोकळ्याला तडा जातो. कधी मालकच तो कापून आतून पोकळ करून घेतात, वरून वेल्डिंग मारतात आणि इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून घेतात. बाहेरून डबा जागच्या जागी दिसतो. आधुनिक इंजिनातून मुळातच काजळी कमी निघत असल्याने फिल्टर नसलेला ट्रकही काळेपणाच्या मर्यादेत बसू शकतो; पण रक्तात उतरू शकणारे अतिसूक्ष्म कण, जे प्रकाश फारसा अडवत नाहीत, ते मोकळे बाहेर पडत असतात.

यावर उपाय सापडलेला आहे, आणि तो अवघड नाही. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून फिल्टर असलेल्या डिझेल वाहनांच्या नियमित तपासणीत कणांची संख्या मोजायला सुरुवात केली; बेल्जियमने त्याआधी २०२२ च्या मध्यापासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून तोच मार्ग धरला. इंजिन संथ फिरत असताना नळीत मापक धरायचे आणि एका घन सेंटिमीटरमध्ये किती कण आहेत ते पाहायचे, एवढेच त्यात आहे. जर्मनीची मर्यादा अडीच लाख कणांची आहे, नेदरलँड्सची दहा लाखांची. धडधाकट फिल्टर असलेल्या ट्रकच्या नळीत हा आकडा त्याच्या कितीतरी खाली असतो आणि फिल्टर काढलेल्या ट्रकचा आकडा कितीतरी वर जातो, त्यामुळे शंकेला जागाच राहत नाही. इंजिन कर्कशपणे ताणावे लागत नाही, ट्रकचे नुकसान होत नाही आणि मोजणी काही मिनिटांत उरकते. आधुनिक ट्रकसाठी काळेपणाच्या चाचणीच्या जागी ही चाचणी आणायला आणखी पुराव्याची वाट पाहण्याचे काही कारण मला दिसत नाही.

नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तळहातावर मावेल एवढी एक डबी ट्रकच्या अंतर्गत तारांच्या जाळ्याला जोडली की ती इंजिनाच्या संगणकाला टाकीत युरिया आहे, पंपाचा दाब ठीक आहे, सेन्सरला नायट्रोजन ऑक्साइड कमी दिसत आहेत, असे खोटे निरोप पाठवत राहते. वाहतूकदारांत तिला एम्युलेटर म्हणतात. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, वेगावर बंधन येत नाही, आणि युरियाचा खर्च वाचतो. अशा फेरफारांचे प्रमाण किती मोठे असू शकते याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालातून येतो. तो अहवाल जड ट्रकांचा नव्हता, डिझेल पिकअप वाहनांचा होता. पण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक पिकअपची नियंत्रण यंत्रणा काढून टाकली किंवा निकामी केली गेली, असे त्या संस्थेला आढळले होते. एवढी संख्या पाहता हा चार-दोन लबाड माणसांचा प्रश्न आहे असे म्हणून तो सोडून देता येणार नाही.

कॅलिफोर्नियाने या बाबतीत एक वेगळी वाट धरली आहे. २०१९ च्या कायद्याने तिथे १४,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे ६,३५० किलोंहून अधिक वजनक्षमतेच्या वाहनांसाठी तपासणीचा कार्यक्रम आखला गेला, आणि २०१३ आणि त्यानंतरच्या डिझेल इंजिनांसाठी धुराच्या चाचणीऐवजी ट्रकच्या स्वतःच्या निदान-प्रणालीतील, म्हणजे ओबीडीतील माहिती उतरवून घेणे सक्तीचे झाले. ही तपासणी वर्षातून दोनदा होते आणि २०२७ च्या ऑक्टोबरपासून ती चारदा व्हावी असे नियमात आहे. ट्रकला केंद्रावर नेण्याचीही नेहमी गरज पडत नाही. मान्यताप्राप्त उपकरण जोडले की माहिती दूरवरूनही पाठवता येते. रस्त्याच्या कडेला बसवलेली यंत्रे जाणाऱ्या ट्रकचा धूर चाळतात आणि संशयास्पद वाहनाच्या मालकाला तपासणीची नोटीस जाते.

या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की तिच्यात फक्त दिवा लागला आहे का एवढेच पाहत नाहीत. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दोषांच्या नोंदी पुसून टाकणे हे कोणत्याही गॅरेजचे दोन मिनिटांचे काम आहे. पण नोंदी पुसल्या की निदान-प्रणालीच्या आत्मपरीक्षणाच्या कसोट्याही कोऱ्या होतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला ट्रक वेगवेगळ्या परिस्थितीत चालवावा लागतो. म्हणून स्कॅनरवर एकही दोष नाही आणि बहुतेक कसोट्या अपूर्ण आहेत असे दिसले, तर जाणकार तपासनीस ते चांगले लक्षण मानत नाही. शिवाय काही दोषांची कायमची नोंद अशी असते की ती स्कॅनरने पुसता येत नाही, यंत्रणेने स्वतः दोष दूर झाल्याची खात्री केल्यावरच ती जाते. अर्थात एम्युलेटर निदान-प्रणालीलाच फसवतो, त्यामुळे केवळ तिच्या शब्दावर विसंबून चालणार नाही. नळीतली मोजणी, निदान-प्रणालीची नोंद आणि रस्त्यावरची अचानक तपासणी या तिन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या तरच खोटे उघडे पडते.

आता कंपन्यांविषयी. जड वाहनांत प्रमाणपत्र ट्रकला मिळत नाही, इंजिनाला मिळते; ते प्रयोगशाळेत बाकावर बांधून ठरलेल्या क्रमाने चालवले जाते आणि तेच इंजिन पुढे वेगवेगळ्या बनावटीच्या, वेगवेगळ्या कामांच्या वाहनांत बसते. ठरलेला क्रम माहीत असला की त्याच्यापुरते शहाणे वागणारे इंजिन बनवणे शक्य होते. १९९८ मध्ये अमेरिकेत कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनो आणि व्होल्वो या सात उत्पादकांशी सरकारने सुमारे १ अब्ज डॉलरची तडजोड केली, ती याच कारणासाठी. महामार्गावर स्थिर वेगाने जाताना त्यांच्या इंजिनांचे संगणक इंधन सोडण्याची वेळ अलीकडे आणत, त्यामुळे डिझेल वाचे आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढत. सुमारे १३ लाख इंजिनांचा तो प्रश्न होता. त्या तडजोडीनेच ट्रकवर चढवता येणाऱ्या मोजणी-यंत्रांना खरी चालना मिळाली.

त्यानंतर असे काही घडले नाही असे नाही. २०२२ मध्ये जपानच्या हिनो कंपनीने प्रमाणन चाचण्यांतील गैरप्रकार कबूल केले. एका इंजिनाच्या टिकाऊपणाची चाचणी चालू असतानाच उत्सर्जन नियंत्रणाचा भाग बदलून टाकण्यात आला होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत त्या कंपनीच्या १ लाख ५ हजारांहून अधिक इंजिनांबाबत १.६ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली. यातल्या कोणत्याही इंजिनाचा ट्रक घेतलेल्या माणसाला आपल्या नळीतून काय जाते हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि धुराच्या चाचणीत त्याचा ट्रक वर्षानुवर्षे उत्तीर्णही होत राहिला असता.

फसवणूक नसतानाही नियमांच्या रचनेत पळवाटा राहतात. युरियाची फवारणी साधारणपणे नळीतले तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यावरच नीट करता येते. बंदराच्या रांगेत पुढे सरकणारा, कचरा उचलणारा, गल्लीबोळांत माल पोचवणारा ट्रक त्या तापमानाला अनेकदा पोचतच नाही. आणि रस्त्यावरच्या चाचणीचे आकडे तपासताना नेमका हाच काळ वगळला जात होता. अमेरिकेच्या जुन्या पद्धतीत इंजिनाची शक्ती आणि ओढ दोन्ही कमाल पातळीच्या ३० टक्क्यांहून वर सलग अर्धा मिनिट राहिली तरच ती नोंद धरली जाई. युरो-६ च्या सुरुवातीच्या टप्प्यांत सरासरी शक्ती २० टक्क्यांखाली असलेला भाग बाजूला काढला जाई. पुढे ही अट १० टक्क्यांवर आली आणि शेवटच्या टप्प्यात थंड इंजिनाने केलेली सुरुवातही हिशेबात धरली गेली. सुधारणा योग्य दिशेने झाली, पण वस्तीतून जाणाऱ्या संथ ट्रकचा धूर मोजायला इतकी वर्षे लागावीत याचे मला मनापासून दुःख होते, कारण माणसे राहतात ती तिथेच.

या सगळ्याचा भार आज पडतो तो ट्रकमालकावर, आणि त्यातही एक-दोन ट्रक असलेल्या लहान मालकावर. नायट्रोजन ऑक्साइडचा सेन्सर बिघडला की युरो-६ च्या नियमानुसार आधी सूचना येते, मग इंजिनाची ओढ २५ टक्क्यांनी कमी होते आणि तरीही दुरुस्ती झाली नाही तर ट्रक ताशी २० किलोमीटरवर रांगू लागतो. माल वेळेत पोचवायचा असलेल्या चालकाला अशा वेळी ती डबी विकणारा माणूस तारणहार वाटला तर मी त्याचे समर्थन करणार नाही, पण त्याची कोंडी मला समजते. पुष्कळदा फिल्टर तुंबतो तो गळक्या इंजेक्टरमुळे किंवा टर्बोतून आत आलेल्या तेलामुळे; फिल्टर बदलूनही दोष तसाच राहतो आणि नवा फिल्टर पुन्हा तुंबतो. फक्त नापासाचा शिक्का मारणारी तपासणी अशा माणसाला प्रामाणिक दुरुस्तीकडे नेत नाही.

म्हणून तपासणीतून जमणारी माहिती एका ट्रकपुरती वापरून फेकून देऊ नये, असा माझा आग्रह आहे. हजारो ट्रकांच्या नोंदी इंजिनाच्या जातीनुसार एकत्र केल्या तर एखाद्या मॉडेलचा सेन्सर किंवा उत्प्रेरक ठरावीक अंतरानंतर सरसकट निकामी होतो का, हे महिन्यांत कळू शकते. युरो-६ आणि बीएस-६ मध्ये १६ टनांहून जड मालवाहू ट्रकच्या यंत्रणेने ७ वर्षे किंवा ७ लाख किलोमीटर टिकले पाहिजे असे अपेक्षित आहे. ४ लाख किलोमीटरवर एकाच जातीचे उत्प्रेरक रांगेने मान टाकत असतील, तर ती मालकांची निष्काळजी ठरत नाही, तो उत्पादनाचा दोष ठरतो. आणि अशा वेळी नियामकाने कंपनीला ट्रक परत बोलावून स्वखर्चाने दुरुस्त करायला लावले पाहिजे. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो-७ नियमावलीत ट्रकवरच उत्सर्जनाची सतत निगराणी ठेवण्याची तरतूद आहे, ती याच विचाराला पुढे नेते. मात्र त्या माहितीत ट्रक कुठे होता, कोणता माल नेत होता, चालक कधी थांबला हे असण्याची गरज नाही. उत्सर्जनाची नोंद घेण्याच्या नावाखाली चालकावर पाळत ठेवली गेली तर या तपासणीला असलेला विरोध न्याय्य ठरेल, म्हणून ही मर्यादा कायद्यातच लिहिलेली हवी.

तपासणी करणाऱ्यांबद्दल थोडे. ज्या केंद्राचे उत्पन्न ग्राहकांच्या संख्येवर अवलंबून आहे आणि जिथे नापास झालेला ग्राहक दुसऱ्या दिवशी शेजारच्या केंद्रावर जाऊ शकतो, तिथे कडकपणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. यंत्राने मोजलेला आकडा माणसाच्या हाताला न लागता थेट नोंदवहीत जावा आणि एखाद्या केंद्राने उत्तीर्ण केलेले ट्रक रस्त्यावरच्या तपासणीत वारंवार दोषी आढळले तर त्या केंद्राचा परवाना जावा, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडेल.

विजेवरचे ट्रक येणारच आहेत, मग मरणपंथाला लागलेल्या डिझेलच्या तपासणीवर खर्च कशाला, असा एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. जड ट्रक एका मालकाकडे आयुष्य काढत नाही. लांब पल्ल्यावर काही वर्षे राबल्यानंतर तो दुसऱ्या मालकाकडे, मग तिसऱ्याकडे जातो, आणि दर हस्तांतरणाबरोबर त्याची देखभाल आणि ती करणाऱ्या मालकाची ऐपत दोन्ही खालावतात. आज कारखान्यातून बाहेर पडणारा डिझेल ट्रक पंधरा-वीस वर्षांनंतरही कुठेतरी माल ओढत असेल, आणि तेव्हा त्याच्या नळीतला फिल्टर शाबूत असेल की नाही हे आजच्या नियमांवर ठरणार आहे. त्यामुळे तपासणीच्या नोंदी ट्रकच्या क्रमांकाशी कायमच्या जोडलेल्या आणि खरेदीदाराला खुल्या असाव्यात. जुना ट्रक घेणारा माणूस आज टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि चेसिसला गंज किती ते बघून भाव ठरवतो. फिल्टर किती किलोमीटरवर बदलला, शेवटची कणमोजणी किती आली, युरियाच्या यंत्रणेचे कोणते दोष वारंवार नोंदले गेले आणि ती कंपनीच्या हमीत आहे की नाही, हे त्याला सौदा करण्याआधी दिसले, तर फिल्टर कापलेल्या ट्रकचा भाव बाजारातच पडेल आणि तो कापून घेण्यापूर्वी पहिला मालक त्याचा हिशेब करील.